कोशाआधीची पाने : मराठी कोशकारांनी सांगितलेली आपली कामाची रीत

मराठी कोशात पहिला शब्द किंवा पहिली नोंद येण्याआधी काही पाने असतात. त्यांना कुठे प्रस्तावना म्हटलेले असते, कुठे निवेदन, कुठे संपादकीय. पाठोपाठ संक्षेपांची यादी, आधारग्रंथांची यादी आणि अकारविल्हे लावताना अनुस्वार कुठे धरला याचा खुलासा येतो. शब्द शोधायला आलेला माणूस ही पाने बहुधा उलटून पुढे जातो. पण कोशकार स्वतःविषयी आणि आपल्या कामाच्या पद्धतीविषयी जे काही बोलतो ते इथेच. शब्द कुठून गोळा केले, कोणते घेतले, कोणते गाळले, हाताशी कोण होते, दोघांचे पटले नाही तेव्हा निवाडा कसा केला आणि कबूल केलेल्या मुदतीत काम का झाले नाही, हे सगळे तो या पानांवर सांगतो.

हा खुलासा करणे कोशकाराला भागच होते. कादंबरी लिहिणारा आपण कसे लिहिले ते सांगो वा न सांगो, त्याचे अडत नाही. कोशाचे काम वर्षानुवर्षे चालते, त्याला माणसे लागतात, पैसा आधी लागतो आणि वस्तू हाती येते ती अगदी शेवटी. तोवर पैसा देणाऱ्याला आणि बरोबर खपणाऱ्याला धीर द्यायचा तर आपली रीत उघड करून दाखवावीच लागते. मराठीत सुमारे साडेतीनशे वर्षांत पैसा देणारा बदलत गेला. आधी राजा होता, मग कंपनी सरकार, मग वर्गणीदार आणि भागधारक, अखेरीस राज्य शासन. तो जसा बदलला तसा या पानांचा सूरही बदलला.

राजाश्रयाचे जुने उदाहरण म्हणजे शिवकालातला ‘राजव्यवहारकोश’. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास कारभारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचे काम रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे आले आणि धुंडिराज व्यास यांच्या हातून ते सिद्धीस गेले. सुमारे १,४०० शब्दांचा हा कोश अमरकोशाच्या धर्तीवर श्लोकबद्ध असून त्याचे दहा वर्ग केलेले आहेत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग या नावांवरूनच हे वर्गीकरण दरबाराच्या खात्यांना धरून केले आहे हे कळते. आरंभीच्या श्लोकांत काम कोणाच्या आज्ञेवरून झाले ते येते, ते करणाऱ्याची योग्यता येते आणि कामाचा हेतू येतो. पद्धतीविषयी मात्र जवळजवळ काहीच नाही. शब्द कोणत्या दफ्तरांतून काढले, कोणाला विचारून प्रतिशब्द ठरवले, हे राजाला सांगण्याची गरज नव्हती; त्याला ते माहीतच होते. टीकाकारांची सोय मात्र कर्त्याने करून ठेवली आहे. जाणत्यांनी मान्य केलेल्या कामाला अडाण्यांनी नावे ठेवल्याने काय होते, उंटाला केळ्याची गोडी कळते का, अशा अर्थाचा एक श्लोक या कोशात आहे. आश्रयदाता पक्का असला की कोशकार किती बेफिकीर राहू शकतो ते इथे दिसते. पुढच्या कोणत्याही मराठी कोशकाराला वाचकाशी असे बोलणे परवडले नाही.

छापील मराठी कोशाची सुरुवात बंगालात झाली. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी–इंग्रजी कोश छापला. मराठी शब्द मोडी खिळ्यांत होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे पंडित असलेले वैजनाथशास्त्री यांची या कामी मदत होती आणि ती कॅरीने नोंदवली. कोशाच्या कामात देशी सहकाऱ्याचे नाव घ्यायचे की नाही आणि घ्यायचे तर कुठे, या प्रश्नाने पुढची शंभर वर्षे कोशकारांची पाठ सोडली नाही. त्याचा आरंभ हा असा.

जेम्स मोल्सवर्थच्या कामात तो प्रश्न फार मोठा होऊन समोर आला. मोल्सवर्थ कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई गेल्यानंतर कोकणात आणि देशावर कारभार करायचा तर रयतेची भाषा कळायला हवी, ही सरकारची गरज होती. मोल्सवर्थला भाषेचा नाद होता. टॉमस आणि जॉर्ज कँडी या भावांना बरोबर घेऊन, शास्त्री मंडळींना हाताशी धरून त्याने १८२०च्या दशकात सरकारी आश्रयाने काम केले आणि १८३१ साली मुंबईत मराठी–इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते, दुसरीत ते ६०,०००च्या घरात गेले. दुसरीला रेव्हरंड जॉन विल्सन यांचे मराठी भाषेवरचे विवेचनही जोडलेले आहे.

मोल्सवर्थच्या प्रस्तावनेचा वाचक ठरलेला होता. खर्च सरकारचा, म्हणून हिशेब सरकारला. वापरणार ते साहेब अधिकारी आणि मिशनरी, म्हणून खुलासा त्यांच्यासाठी, आणि तोही इंग्रजीत. त्याच्यापुढची मोठी अडचण संस्कृत शब्दांची होती. पंडित मराठी बोलताना हवा तो संस्कृत शब्द वापरतो. मग सगळा संस्कृत कोशच मराठीत ओतायचा काय? हद्द कुठेतरी आखावी लागणार होती. ती कशी आखली आणि का, हे सांगितल्याशिवाय कोशाचा आकारच समजावता आला नसता. दुसरी अडचण बोलीभाषेची. कोकणात चालणारा शब्द देशावर कळेलच असे नाही, आणि एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ निघतात. त्यावर उपाय म्हणून शब्दामागे खुणा आल्या. मूळ संस्कृत, अरबी, फारसी की हिंदुस्थानी हे दाखवणारी अक्षरे आली, तसेच प्रांत आणि वापर सांगणारे शेरे आले. म्हणी, वाक्प्रचार, शेतातले आणि माजघरातले शब्द त्यात भरपूर आहेत. पंडितांना ग्राम्य वाटतील असे शब्दही गाळलेले नाहीत. कोश बोलल्या जाणाऱ्या भाषेचा आहे ही त्याची भूमिका होती, आणि आजही अनेक विस्मृत शब्दांसाठी मोल्सवर्थच उघडावा लागतो, याचे श्रेय त्या भूमिकेला द्यायला हवे.

शास्त्री मंडळींचे काय झाले? शब्द जमवणे, अर्थ तपासणे, देशी–कोकणी असा भेद दाखवणे हे काम त्यांनीच केले. पण मुखपृष्ठावर नाव मोल्सवर्थचे आले, आणि साहाय्यक म्हणून कँडी बंधूंचे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्र्यांनी तयार केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ साली, म्हणजे मोल्सवर्थच्या दोन वर्षे आधी निघाला. त्यामुळे निदान एका ठिकाणी त्यांची नावे त्यांच्याच कामावर राहिली. मराठी शब्दांना मराठीत अर्थ देणारा हा कोश ‘शास्त्र्यांचा कोश’ म्हणून ओळखला जातो. मोल्सवर्थचा कोश झळकला आणि शास्त्र्यांचा मागे पडला; इंग्रजी येणाऱ्यालाच कोश विकत घेण्याची ऐपत असण्याचा तो काळ होता.

१८४७च्या इंग्रजी–मराठी कोशात श्रेयवाटपाची वेगळी तऱ्हा दिसते. या कोशाची आखणी मोल्सवर्थने केली आणि सुरुवातही त्यानेच केली, पण तो पुरा केला टॉमस कँडीने. हा सगळा क्रम मुखपृष्ठावरच छापलेला आहे. कोणी आरंभ केला आणि कोणी शेवट, हे सरकारला कळले पाहिजे, आणि तेही पहिल्याच पानावर, अशी ती शिस्त.

पुढच्या काळात सरकारी कोशांच्या जोडीला खाजगी कोश आले. बाबा पदमनजी यांनी १८६३ साली मोल्सवर्थचा संक्षेप काढला. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा ‘भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश’ १८७६चा, आणि जनार्दन हरी आठल्ये यांचा ‘विद्यामाला’ हा ज्ञानकोशवजा प्रयत्न १८७८चा. या पिढीतल्या ग्रंथकाराला छपाईचे पैसे आगाऊ वर्गणीतून उभे करावे लागत. पुस्तकाच्या आरंभी किंवा अखेरीस आश्रयदात्यांची यादी छापायची, कोणी किती प्रती घेतल्या ते नमूद करायचे, हा शिरस्ता एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ग्रंथांत सर्रास दिसतो. सावकार, संस्थानिक, मामलेदार, शाळामास्तर या सगळ्यांची नावे एका रांगेत येत. ती यादी आज समाजाच्या इतिहासाला उपयोगी पडते, तेव्हा ती निव्वळ पोच होती. ग्रंथकाराची भाषाही त्यामुळे नम्र झाली. वाचकाने चुका पोटात घालाव्या आणि उणे ते कळवावे, अशी विनंती या काळापासून निवेदनाच्या शेवटी कायमची येऊन बसली.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ही नम्रता बाजूला ठेवली. राजवाडे मुख्यतः कोशकार नव्हेत, तरी कामाची रीत प्रस्तावनेत सांगण्याच्या प्रथेला मराठीत खरे वळण त्यांनी दिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि १९१७पर्यंत २२ खंड झाले. त्यांच्या प्रस्तावना इतक्या गाजल्या की पुढे त्या स्वतंत्र पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. राजवाड्यांना पैसा देणारा असा पक्का धनी कोणी नव्हता, आणि त्यांना ज्याची गरज होती तो पैसा नव्हताच. त्यांना हवे होते लोकांच्या माळ्यावरचे, तळघरातले, रुमालात बांधलेले कागद. ज्यांच्या घरात दफ्तर होते त्यांना एक भीती असे. जुने कागद बाहेर गेले तर इनामावर, वतनावर कोणी हक्क सांगेल, किंवा घरातली एखादी गोष्ट चव्हाट्यावर येईल. अशा माणसाला कागद दाखवायला राजी करायचे तर संशोधक कागदाचे काय करतो हे त्याला पटवून द्यावे लागे.

राजवाड्यांनी प्रस्तावनांत आपली कसोटी सांगितली. समकालीन अस्सल कागद हा पहिल्या प्रतीचा पुरावा. मागाहून लिहिलेली बखर त्याच्या पुढे टिकत नाही. पत्राची तिथी कशी लावायची, मजकुरातल्या व्यक्ती कशा ओळखायच्या, ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात कुठे चुका आहेत, या सगळ्याची चर्चा ते सूत्रे सांगत आणि भांडत करतात. त्यांची अनेक अनुमाने पुढच्या संशोधकांनी खोडून काढली. पण ती खोडता आली याचे कारण त्यांनी अनुमान कोणत्या कागदावरून काढले ते दाखवले होते. पुण्यात ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. कोणी कोणता कागद आणला, कोणी कशावर टिपण वाचले, हे आता इतिवृत्तांत छापून येऊ लागले, आणि एकट्या माणसाची रीत मंडळाची रीत झाली. पुढे मतभेद होऊन राजवाडे स्वतः मंडळाबाहेर पडले, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. त्यांची कोशाची कामे, धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश, त्यांच्या मृत्यूनंतर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९३७ आणि १९४२ साली छापली.

आपल्या कामाची पद्धत लोकांपुढे मांडण्यात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्याइतके पुढे कोणीच गेले नाही. केतकरांचा जन्म १८८४ साली रायपूरचा. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. १९१२ साली ते परतले, काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवले आणि मग ज्ञानकोशाच्या मागे लागले. सरकार पैसा देणार नाही, संस्थानिकांच्या मर्जीवर विसंबून चालणार नाही, म्हणून त्यांनी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली: महाराष्ट्रीय ज्ञानकोशमंडळ लिमिटेड, नागपूर. विद्येच्या कामासाठी भागभांडवल उभे करायचे ही मराठी मुलखात नवी गोष्ट होती. भागधारक आले, वर्गणीदार आले, आणि दोघेही आपापल्या परीने विचारू लागले की खंड कधी मिळणार.

‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ २३ खंडांचा. प्रकाशनाला १९२० साली सुरुवात झाली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत काम तडीस गेले. वर्गणीदाराची अपेक्षा साधी होती: ‘अ’पासून नोंदी याव्या. हाती आले ते मात्र निराळेच. पहिले पाच खंड अकारविल्हे नव्हतेच. ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’ अशी त्यांची नावे होती, आणि मिळून त्यांना प्रस्तावनाखंड म्हटले होते. नोंदींच्या खंडांना केतकरांनी शरीरखंड असे नाव दिले. कोशाआधीची पाने वाढत वाढत पाच जाड ग्रंथ झाली, असे दुसरे उदाहरण मराठीत नाही.

या मांडणीमागे केतकरांचा निश्चित विचार होता. इंग्रजी ज्ञानकोशाचे भाषांतर करून मराठी माणसाचे काम भागणार नाही, कारण त्या कोशातले जग लंडनमधून पाहिलेले आहे. महाराष्ट्राने जगाकडे स्वतःच्या जागेवरून पाहायला शिकले पाहिजे, ही त्यांची धारणा. तसे पाहायचे तर आधी हिंदुस्थानचे आणि जगाचे नाते, वेदवाङ्मय आणि शास्त्रांचा इतिहास यांची जुळणी करून घ्यायला हवी. सुट्या नोंदी त्यानंतर. हा युक्तिवाद भक्कम आहे. पण पैसे भरून ‘अ’ची वाट पाहणाऱ्या माणसाला तो कितपत गोड लागला असेल, हा प्रश्न उरतो. वेदविद्येचा खंड आजही अभ्यासकाच्या उपयोगाचा आहे. घरगुती वाचकाला तो जड गेला असणार यात शंका नाही.

कामाची जागा पुढे पुण्यात आली. ज्ञानकोशाची कचेरी ही त्या काळातली एक शाळाच होती. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखी तरुण माणसे तिथे तयार झाली आणि त्यांतली काही पुढे स्वतः मोठे कोशकार झाली. नोंद कशी लिहायची, इंग्रजी आधार कसा पचवायचा, पाने ठरलेल्या मापात कशी बसवायची, हे त्यांनी तिथे शिकून घेतले.

१९२७ साली केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे दुसरे नाव ‘ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’. एका माणसाचे काम आणि एका कंपनीचा इतिहास या दोन गोष्टी केतकरांच्या लेखी एकच होत्या, हे या जोडनावातून उघड होते. कंपनी कशी उभी राहिली, वर्गणीदार कसे मिळवले, कचेरी कशी चालवली, टीका करणाऱ्यांना काय उत्तर, हा सगळा हिशेब त्यात मांडलेला आहे. मराठीत कामाच्या पद्धतीवर एवढ्या विस्ताराने, तेही काम करणाऱ्यानेच लिहिलेले पुस्तक त्याआधी नव्हते. भागधारकांच्या सभेत वाचायचा अहवाल, आत्मचरित्र आणि कैफियत असे तिहेरी रूप त्याला आहे. केतकरांचा आत्मविश्वास काही ठिकाणी अंगावर येतो. पण अडचण झाकून ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्याच कामाची घरातली बाजू त्यांच्या जर्मन वंशाच्या पत्नी शीलवती केतकर, पूर्वाश्रमीच्या एडिथ कोह्न, यांनी ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या आठवणींत सांगितली. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर करणाऱ्या या बाईंना विद्येच्या कामाची किंमत पुरती ठाऊक होती, आणि त्या कामापायी संसाराने काय मोजले तेही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचल्याखेरीज ज्ञानकोशाची हकीकत पुरी होत नाही.

दाते आणि कर्वे यांनी केतकरांकडून कामाची शिस्त घेतली आणि बोलण्याचा विस्तार सोडून दिला. महाराष्ट्र कोशमंडळाच्या वतीने त्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला आणि १९५० साली पुरवणी विभाग आला. एक लाखाहून अधिक शब्दांच्या या कोशात कामाची रीत सर्वात नेमकेपणाने व्यक्त झाली ती संक्षेपांत. शब्दाच्या अर्थानंतर ‘ज्ञा’ आले की ज्ञानेश्वरी, ‘एभा’ आले की एकनाथी भागवत, ‘तुगा’ आले की तुकारामाची गाथा. पुढे ओवीचा किंवा अभंगाचा आकडा. अर्थाआधी कंसात ‘गो.’ असेल तर शब्द गोमंतकातला, ‘व.’ असेल तर वऱ्हाडातला, ‘ना.’ नागपुराकडचा, ‘कु.’ कुडाळकडचा, ‘राजा.’ राजापूरचा. अर्थाच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती. वाचकाने फक्त यादी एकदा समजून घ्यायची. मग प्रत्येक शब्द आपण कुठून आलो ते स्वतःच सांगतो. मोल्सवर्थने प्रांताचे शेरे इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी दिले होते. दाते–कर्व्यांना ते शब्द पाठवणाऱ्या मराठी माणसाला दाखवायचे होते, की तुझ्या मुलखाचा शब्द मुलखाच्या नावानिशी नोंदला गेला आहे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते, तरी कोशाच्या लेखी गोमंतक आत होता.

याच जोडीने पुढे वाक्संप्रदाय कोश, शास्त्रीय परिभाषा कोश आणि सहा भागांचा सुलभ विश्वकोश काढला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२ ते १९४६ या काळातले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली. हे जवळजवळ एकट्याच्या चिकाटीचे काम. विषयवार मांडणीसाठी त्यांनी दशांश वर्गीकरणाचा आधार घेतला, आणि तो मराठी पुस्तकांना कसा लावला हे सांगणे त्यांना भाग होते, कारण कीर्तनाख्याने आणि पोथ्या कोणत्या आकड्याखाली घालायच्या हे ती पद्धत आखणाऱ्या अमेरिकन ग्रंथपालाने ठरवून ठेवलेले नव्हते.

वर्गणीदारांच्या बळावर उभे राहिलेले शेवटचे मोठे काम ‘भारतीय संस्कृतिकोश’. त्याचे संपादक पंडित महादेवशास्त्री जोशी हे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे. पुण्यात स्थायिक झालेले कथाकार आणि कीर्तन–पुराणाच्या परंपरेतले विद्वान. दहा खंड १९६२ ते १९७९ या काळात निघाले. तीर्थे, व्रते, जाती–जमाती, लोककला यांच्या नोंदी पुस्तकांवरून लिहून भागणार नव्हते, म्हणून शास्त्रीबुवांनी देशभर प्रवास केला. देणगी मागणे, वर्गणीदार जोडणे आणि माहिती गोळा करणे ही तिन्ही कामे एकाच फेरीत होत. त्यांच्या निवेदनांची भाषा घरगुती आहे. पैशांची ओढाताण, कागदाची भाववाढ, मदतीला धावून आलेली माणसे, सगळे सरळ सांगितलेले. केतकरांचा आवेश इथे नाही. वाचक हा भागधारक नसून घरचा माणूस आहे, असे समजून ते बोलतात.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर धनी पुन्हा बदलला. १९ नोव्हेंबर १९६० रोजी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे काम वाईला सुरू झाले. वाईची निवड तर्कतीर्थांच्या तिथल्या वास्तव्यामुळे आणि प्राज्ञपाठशाळेच्या परंपरेमुळे. इथे पैशाची भ्रांत नव्हती, सहकाऱ्यांची होती. भौतिकी, वैद्यक, अर्थशास्त्र, संगीत अशा कितीतरी विषयांचे लेखक महाराष्ट्रभर आणि बाहेर विखुरलेले. त्यांतल्या अनेकांनी आपल्या विषयावर मराठीत कधी चार ओळीही लिहिलेल्या नव्हत्या. त्यामुळे खुलाशाची दिशाच उलटली. पूर्वी कोशकार काम झाल्यावर पैसा देणाऱ्याला रीत सांगत असे. विश्वकोशाने काम सुरू होण्याआधी लेखकाला रीत सांगितली.

त्यासाठी आधी नोंदींच्या याद्या झाल्या, नोंदी मोठ्या, मध्यम, लहान अशा ठरल्या आणि नोंदीचे टाचण तयार झाले. टाचणात नोंदीत कोणते मुद्दे यावेत आणि तिचा आवाका किती असावा हे दिलेले असे. लेखक टाचणाला धरून लिहून पाठवी, मग संपादकीय खात्यात काटछाट होई, विषयतज्ज्ञ अभ्यागत संपादक तपासत. एकाच संज्ञेला पुण्याचा प्राध्यापक एक शब्द वापरी आणि नागपूरचा दुसरा. ही गोंधळाची वाट बंद करण्यासाठी ‘परिभाषासंग्रह’ १९७३ साली, म्हणजे पहिल्या खंडाच्याही आधी छापला गेला. ‘अंक’पासून ‘आतुरचिकित्से’पर्यंतचा पहिला खंड १९७६ साली आला. लेखाच्या अखेरीस लेखकाचे नाव, संदर्भग्रंथ आणि मजकुरात दुसऱ्या नोंदीकडे नेणारा बाण, हे संकेत तिथून रूढ झाले. लेखकाचे नाव नोंदीखाली येणे ही लहान वाटणारी बाब नाही. मोल्सवर्थच्या शास्त्र्यांना जे मिळाले नव्हते ते आता प्रत्येक सहकाऱ्याला मिळू लागले.

विश्वकोशाच्या शिस्तीची किंमत वेळाने मोजावी लागली. १९८० साली त्यासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झाले. तर्कतीर्थ १९९४ साली वारले तेव्हा काम बरेच बाकी होते, मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड अशा पुढच्या अध्यक्षांनी ते रेटले आणि विसावा खंड २०१५ साली बाहेर पडला. पहिला खंड निघाला तेव्हाची माहिती तोवर जुनी झालेली होती. त्यामुळे नोंदी अद्ययावत करण्यासाठी ज्ञानमंडळांची योजना आली. विद्यापीठे आणि संस्था यांच्याकडे एकेक विषय सोपवून तिथल्या समन्वयकामार्फत नोंदी लिहून घ्यायच्या, तपासायच्या आणि थेट संकेतस्थळावर आणायच्या, अशी तिची रचना आहे.

या सरकारी योजनेच्या आधीच, १ मे २००३ रोजी, मराठी विकिपीडिया सुरू झाला होता. तिथे धनीही नाही आणि नेमलेला संपादकही नाही. सहकारी एकमेकांना बहुधा टोपणनावानेच ओळखतात. म्हणून रीत सांगण्याचे काम सतत आणि सगळ्यांसमोर चालते. प्रत्येक लेखाला त्याच्या बदलांचा इतिहास आणि चर्चेचे पान जोडलेले असते, आणि सर्वसाधारण वादांसाठी एक जागा राखून ठेवली आहे. तिचे नाव चावडी. मोल्सवर्थला छळणारे प्रश्न, म्हणजे संस्कृत शब्द किती घ्यायचे, परभाषेतले नाव कसे लिहायचे, कोणाचा आधार ग्राह्य धरायचा, तिथे अजूनही निकालात निघालेले नाहीत.